ज्वारीच्या बदल्यात

बिरुदेव धनगर कोकरू घोंगड्यात गुंडाळून बांधावरून येताना दिसला, तसं रावजीनं कांद्याच्या चाळीचं दार ओढून कडी घातली.

“अण्णा, तांबडी मेंढी गेली,” बिरुदेव आल्याआल्या म्हणाला. “पहाटं व्याली, पाय झाडले न् गेली. ह्याला चाटलं बी न्हाय तिनं.”

“कशानं?” रावजीनं विचारलं, आणि विचारल्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

“माझंच कायतरी चुकलं आसंल. देवाचा नवस ऱ्हायलाय.”

दरवर्षी पिकं निघाली की बिरुदेवाची मेंढरं रावजीच्या रानात बसत. रानाला लेंडीखत मिळे, बिरुदेवाला ज्वारी. यंदा भाव चढेल म्हणून रावजीनं कांदा चाळीत ठेवला आणि नेमकी सरकारनं निर्यात बंद केली. अनुदान जाहीर झालं, तेही आधीच सोलापूरच्या बाजारात मातीमोल विकून आलेल्यांना. थांबणाऱ्याच्या हाती धुपाटणं! बंदी आज उठेल, उद्या उठेल, या आशेवर त्यानं कांद्यावर कीड मारायची विषारी पावडर मारली. बंदी काही उठली नाही.

मग घरातली ज्वारी घरातच ठेवून तो बिरुदेवाला म्हणाला होता, यंदा ज्वारीऐवजी मेंढरांना कांदाच खाऊ घाल. पावडरीचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं, तर ज्वारी द्यावी लागली असती. पारावर बसून सरकारला शिव्या घालणारा रावजी आपलं नुकसान गुपचूप बिरुदेवाच्या गळ्यात मारून मोकळा झाला होता.

“शेळी दूध देतीय की तुमची,” बिरुदेव म्हणाला. “वाटीभर पाजा ह्याला. सांजच्याला मेंढरं आनतो. ऱ्हायलेला कांदा खाऊन टाकत्याल.”

“आज नगं आनू.”

“का वो?”

“नासलाय.”

“मेंढरांस्नी नासका चालतुय की.”

तेवढ्यात रावजीची बायको बजाबाई कोमट दुधाची वाटी घेऊन आली.

“बोट बुडवून चोखायला द्या,” ती म्हणाली. “आपसूक पितंय.”

कोकरानं मान वर करून तोंड उघडलं. रावजीनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. सकाळीच त्यानं चाळीत हात घातला होता. तो उठला, हौदावर गेला, राख घेऊन हात चोळचोळून धुतले. नाकाशी नेऊन वास घेतला. परत धुतले.

“अवो, दूध निवतंय की,” बजाबाई म्हणाली.

बिरुदेव बघत होता. त्याची नजर हातांवरून चाळीच्या कडीकडं गेली, आणि तिथून उंबऱ्याशी सांडलेल्या पांढऱ्या भुकटीकडं.

“कवा मारली?” त्यानं हळूच विचारलं.

“तुझी मेंढरं यायच्या आदी.”

बिरुदेवानं कोकरू उचललं, घोंगड्यात घेतलं आणि बांधाकडं चालू लागला. थोडं जाऊन थांबला.

“औंदा ज्वारी न्हाय म्हनला असता, तरी मेंढरं बसवली असती की, अण्णा.”

बजाबाई वाटी घेऊन त्याच्यामागं चार पावलं गेली. रावजी हौदापाशीच ओले हात घेऊन उभा होता.