'उजाडलं' म्हणेपर्यंत

ठोकळेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. सहा-सात वर्षांच्या पोरांना त्या कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकवत. टाइप करायची भानगड नाही. 'चाल', 'लप', 'उडी मार' असे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचा ससा तसं करतो. पण बाईंची एक खोड होती. कॉम्प्युटर उघडण्याआधी त्या मुलांनाच ससा-कोल्हा करत. ठोकळ्यांची पुठ्ठ्याची कार्डं गळ्यात अडकवायची आणि लिहिलंय तेवढंच करायचं. त्यापलीकडे काही करायचं नाही, यावर बाईंचा भारी कटाक्ष.

पहिल्याच दिवशी लाल कार्डावरून हाणामारी झाली. लाल म्हणजे 'सगळं थांबव'. ते ज्याच्या हाती पडे तो खेळ बंद पाडी. शेवटी बाईंनी दम भरला, "लाल फक्त माझ्याकडे राहील." ते त्यांच्या खिशात गेलं ते गेलंच.

त्या संध्याकाळी ससा होती मुंगी. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण एवढीशी, आणि रांग कधी मोडणार नाही. तिच्या गळ्यात तीन कार्डं: 'लप', 'उजाडलं हा निरोप मिळेपर्यंत थांब', 'दिस'. मुंगी लपायला पळाली, कोल्हा डोळे झाकून उभा राहिला, आणि तेवढ्यात झाडाचा दात पडला. म्हणजे झाड झालेल्या मुलाचा. रक्ताचा थेंब, बोंबाबोंब, दात बघायला ही झुंबड! बाई कापूस शोधतायत तोवर पालक दारात. खेळ तसाच राहिला. पोरं पांगली, वॉचमनकाका एकेका खोलीला कुलूप घालत निघाले, आणि बाई जमिनीवरची कार्डं गोळा करू लागल्या.

"मुंगी कुठाय?"

दारात तिची आई उभी होती. हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीच्या कपड्यांतच आलेली.

बाईंनी वर्गभर नजर फिरवली. "इथेच होती की... आत्ता होती."

बाकांखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, बाथरूमची दारं ढकलली. आई हाका मारत जिन्यावरून खालीवर करत होती. काकांनी किल्ल्यांचा जुडगा काढून सगळ्या खोल्या परत उघडल्या. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत खुर्च्यांची चळत, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि कुबट अंधार. काकांनी दारातूनच टॉर्च फिरवला, आईनं आत तोंड घालून "मुंगे, बाळा!" अशी आर्त हाक मारली. आत हूं की चूं नाही. काकांनी सवयीनं पुन्हा कुलूप लावलं.

"मुख्य दार उघडं होतं," काका खाली मान घालून म्हणाले. "त्या दाताच्या गडबडीत मीच वर आलो होतो."

दाराबाहेर रस्ता होता. दिवे लावून गाड्या सुसाट जात होत्या. एका गाडीनं करकचून ब्रेक दाबला. आई धावत बाहेर गेली. लोकांना विचारणारा तिचा आवाज चिरकायला लागला. बाईंना आता पोलिसांना फोन करावाच लागणार होता. दुसऱ्याचं लेकरू. आपल्या भरवशावर सोडलेलं.

खिशातून फोन ओढताना लाल कार्ड खाली पडलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मागच्या आठवड्यात मुलं पडद्यावरच्या सशाला "ये ना रे, ये ना!" म्हणून ओरडत होती, आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, "बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी तो यायचा नाही. त्याचा निरोप पाठवा." मुंगी पहिल्या बाकावर होती. मान डोलवत होती.

बाईंनी फोन तसाच खिशात कोंबला. त्या जिन्याच्या मधोमध आल्या. नेहमीसारखी टाळी वाजवून त्या ओरडल्या, "निरोप! उजाडलं!"

कुठेतरी काहीतरी घसरलं. मग जिन्याखालच्या बंद दारावर आतून, अगदी हळू, टकटक झाली.

काकांना कुलपाचं भोक सापडेना. दार उघडलं तेव्हा मुंगी उभी होती, धुळीनं माखलेली, फ्रॉक ओला, दातावर दात आपटत. सतरंज्यांच्या मागे बसली होती. बाहेरून धावत आलेल्या आईनं झडप घालून तिला उचललं, रडली, रागावली, पुन्हा रडली.

"अगं, मी हाका मारत होते! इथे, या दारात! ऐकू नाही आलं तुला?"

"आलं."

"मग?"

"तो माझा निरोप नव्हता." मुंगी हुंदके देत बाईंकडे वळली. "बाई, मी हलले नाही. खूप भीती वाटत होती, तरी हलले नाही."

तिला शाबासकी हवी होती. बाईंना ते दिसलं, आणि इतका वेळ वाटली नव्हती एवढी भीती त्यांना तेव्हा वाटली. ही पोर रात्रभर बसली असती. शब्द पाळत बसली असती.

बाई गुडघ्यांवर बसल्या. लाल कार्ड त्यांनी मुंगीच्या मुठीत दिलं. "भीती वाटली की हे वर करायचं. कुणी काहीही सांगितलेलं असू दे. मी सांगितलेलं असलं तरी."

मुंगीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत पुढे केलं.

"पण हे तर फक्त तुमच्याकडे राहणार ना?"