लाडावलेली बुरशी

बुरशीने मनावर घेतलं तर धाकट्याची नोकरी कायम होणार होती, दारावर नावाची पाटी लागणार होती आणि वहिनीचे टोमणे बंद होणार होते. यातलं तिसरं जमेला धरणं हा त्याचा निव्वळ भाबडेपणा.

वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, त्याच प्रयोगशाळेत तपासणीचं यंत्र सांभाळायची. धाकट्याने समुद्रात भिजून काळ्या पडलेल्या ओंडक्यावरून एक बुरशी खरवडून आणली होती. तिला खाऱ्या पाण्यात वाढवायचं, संत्र्याच्या सालीतला कडू अर्क चारायचा आणि तिने त्यातून औषधाला उपयोगी असा नवा पदार्थ घडवायचा, असा बेत. शुक्रवारी साहेबांना निकाल दाखवायचा. नाहीतर जागा दुसऱ्याला.

बुरशी मात्र ढिम्म. फुगून बाटलीभर झाली, अर्क होता तसाच.

"हिला घालता तरी काय, भाऊजी?" यंत्रातून आलेला कागद नाचवत वहिनीने विचारलं.

"अर्क. आणि ठरलेली साखर. शिवाय संध्याकाळी निघताना चिमूटभर... कोमेजल्यासारखी वाटते हो."

"अगंबाई! आयतं गोड मिळत असताना कडूला तोंड कोण लावेल? ताट समोर येतंय तोवर तुम्ही तरी कधी भाजी निवडायला बसलात?"

धाकट्याला झोंबलं, पण पटलं. त्याने बुरशी धुऊन नुसत्या खाऱ्या पाण्यात ठेवली. सोबत फक्त कडू अर्क. साखरेची बरणी वहिनीने आपल्या कपाटात कुलूपबंद केली. "तुमच्यावर विश्वास आहे हो. तुमच्या हातांवर नाही."

मग तो त्या बाटलीकडे, तापाने फणफणलेल्या पोराकडे बघावं तसा, येताजाता बघत राहिला.

शुक्रवारी सकाळी यंत्राच्या कागदावर नव्या पदार्थाचा सुळका उभा राहिला. तुलनेसाठी ठेवलेल्या, बुरशी न घातलेल्या बाटलीत तो नव्हता, म्हणजे करणी तिचीच. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि सही ठोकली.

घरी आल्यावर धाकट्याने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, साखर?"

"कामं कशाने होतात ते आजच कळलं ना? आधी भाजी निवडा."

तर हिशेब असा: धाकट्याला नोकरी आणि पाटी, साहेबांना मिरवायला विषय, वहिनीला जन्मभर पुरेल असा टोमणा. किंमत मोजली बुरशीने. काम आटोपल्यावर तिला नियमाप्रमाणे वाफेत उकडून टाकलं, शेवटचं गोडही न देता. उरलेली किंमत फिक्का चहा पीत, भाजी निवडत, धाकटा अजून फेडतोय.