पडद्यावरचं भस्म

“कुणाचा इस्वास बसायचा न्हाय,” शंभू महाराज ओसरीवरून गरजले, “पर मेलेली पोर म्या मशीनमधून वर काढतो!”

निम्मं नळदुर्ग ढाब्यांवरचा चहा तसाच टाकून शंकरप्पाच्या दारात लोटलं होतं. जागा मिळाली नाही ते समोरच्या ट्रकच्या टपावर चढले. ट्रकवाला तर हैदराबादला जायचंच विसरला म्हणतात.

सिद्धम्मा कम्प्युटरला चिकटून बसली होती. तिची लेक शिवरंजनी तापानं गेली. लेकीच्याच या कम्प्युटरात तिचे चारशेवर फोटो होते. दिसले की काळीज फाटतं म्हणून नवऱ्यानं, शंकरप्पानं, एका दुपारी सगळे पुसून टाकले. घरात दुसरा एकही फोटो नव्हता.

पहिल्या सोमवारी महाराजांनी पडद्यावर भगवा पंचा टाकला. “ओम डिलीटाय नमः, ओम रिसायकलाय नमः” पुटपुटत आत डोकं घालून माऊस फिरवला. पंचा उचलला, तर किल्ल्यातल्या धबधब्यासमोर हसणारी शिवरंजनी! अख्खी. सिद्धम्मानं पडद्यालाच गाल टेकवला.

“बाकीचे फोटो वर अडकल्यात,” महाराज म्हणाले. ते सोडवायला दर सोमवारी अकरा तासांच्या जपाचा नवा व्हिडिओ त्याच मशीनमध्ये भरायचा. सिद्धम्मानं पाच सोमवार भरला.

आज सहाव्या सोमवारी फोटो आले, ते कपाळापुरतेच. खाली नुसतं राखाडी.

“भस्म!” महाराज ओरडले. “पोरीनं सर्वांगाला भस्म फासलं! शिवाला पावली!”

गर्दीचे हात जुळले.

“भस्म न्हाय ते.” सिद्धम्माची भाची शिवलीला सोलापूरला शाळेत कम्प्युटर शिकवायची, सकाळीच आली होती. महाराज पुन्हा पंच्याखाली शिरले तसा तिनं तो खस्सकन ओढला. पडद्यावर फायलींची यादी सरकत होती.

“पुसलेल्या फायली परत काढायचं सॉफ्टवेअर हे! माझ्या आठवीच्या पोरी चालवत्यात. पुसलं की मशीन यादीतलं नाव तेवढं खोडतं. फोटो जागच्या जागी असतो, त्याच्यावर दुसरं काही बसेपर्यंत. तुमी काय बसवलंत, महाराज? पंचावन्न तासांचा जप! राखाडी दिसतंय ते जपानं खाल्लेलं.”

“बाई, हितं विज्ञान चालत न्हाय.”

“मग माऊस कशाला हलवता? नुसता अंगारा फुंका की!”

टपावर कुणीतरी फिसकन हसलं. ट्रकवाल्याला अचानक हैदराबाद आठवलं, आणि महाराज अनवाणीच त्याच्या केबिनमध्ये चढले.

ओसरी रिकामी झाली. शिवलीलानं संध्याकाळपर्यंत खटपट केली. अख्खा फोटो एकच उरला, धबधब्याचा.

“म्हंजी दर सोमवारी आमीच पुसली व्हय तिला?” सिद्धम्मानं विचारलं.

“न्हाय मावशी,” शिवलीला घाईनं म्हणाली. “ते फोटो आधीच खराब झाले होते.”

सिद्धम्मानं धबधब्याच्या फोटोवर बोट ठेवलं.

“खोटं. पहिल्या सोमवारी ही अख्खी आली, तवा बाकीचे बी असणारच. महाराजाला एकदा बी इचारलं न्हाय म्या, कसं करतोस म्हणून. आता कुठं इचारायला लागले, तर तू तरी खोटं बोलू नगंस, शिवलीला.”