उठायचं कोणी

एगोन कीन्त्सलरला मार्चमध्ये झटका आला आणि त्याचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा तळघरात त्याच्या कामाच्या टेबलावर एक अर्धवट रेकॉर्ड प्लेअर पडून होता. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं तो त्याच्याच नादाला लागलेला. दुकानात मिळतो तसला त्याला नको होता. आपल्या मापाचा, आपल्या मनासारखा हवा होता. रेकॉर्ड जिच्यावर ठेवायची ती ॲल्युमिनियमची जड थाळी त्यानं स्वतः लेथवर काढली होती. तिच्या खालचा पोलादी दांडा इतका घोटला होता, की थाळीला बोटानं नुसतं ढकललं तरी ती कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहायची. बाकीचं सगळं व्हायचं होतं. लाकडी बैठक, मोटर, पट्टा, सुईचा दांडा.

सप्टेंबरात एके दिवशी नाश्त्याला तो म्हणाला, "वर आण."

झटक्यानंतर त्याचं बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. पुढचा शब्द यायला वेळ लागे, आणि तोवर समोरच्यानं हातातलं काम थांबवून उभं राहायचं.

"काय वर आणू?" त्याची बायको रोसविता म्हणाली.

"प्लेअर."

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई हे ऐकून खूश झाली. माणसाला काहीतरी उद्योग हवाच, त्यानं उभारी येते, असं ती म्हणाली. तिचं काय जात होतं म्हणायला. तळघराच्या पायऱ्या रोसविताला चढायच्या होत्या. अकरा खेपा झाल्या. थाळी तिनं पोटाशी धरून आणली आणि मधल्या पायरीवर ती घेऊनच बसली, कारण गुडघे ऐकेनात. अडुसष्टावं वर्ष लागलं होतं तिला. सकाळी नवऱ्याला उठवायचं, न्हाणीघरात न्यायचं, कपडे चढवायचे, खुर्चीत बसवायचं. तो बसला की चष्मा द्यायचा, चष्मा दिला की खिडकी लावायची, खिडकी लावून टेकते न टेकते तोच त्याला लघवीला न्यायचं. असे सहा महिने गेले होते. रात्री पाठ टेकली की तिला झोप लागायची नाही, आणि दिवसा उभ्या उभ्या डोळे मिटायचे.

जेवणाचं टेबल प्लेअरनं बळकावलं. दोघं स्वयंपाकघरात जेवू लागली. एगोन खुर्चीत बसून सांगायचा आणि रोसविता करायची. बीचच्या लाकडाची बैठक तिनं गच्चीत बसून घासली, भोकं पाडली, तेल दिलं.

"हळू," एगोन म्हणायचा.

"हळूच करतेय."

"आणखी हळू."

"आणखी हळू केलं तर मी इथेच झोपेन, एगोन."

गावात पूर्वी रेकॉर्ड प्लेअरचा कारखाना होता. दोघांनी तिथेच उमेदीची वर्षं काढली. खालच्या मजल्यावर लेथ, तिथे पुरुष. वरच्या मजल्यावर जुळणी, तिथे बायका. एगोन खाली, रोसविता वर. कारखाना बंद पडल्यावर तो शेजारच्या गावात घड्याळांच्या भागांकडे वळला आणि ती बेकरीत पाव विकायला उभी राहिली. पण खालचे वरच्यांना काय समजायचे, ते त्याच्या बोलण्यातून कधी गेलं नाही. भाग बनवतो तो कारागीर. जुळवतो तो काय, कोणीही जुळवील. तिनंही कधी वाद घातला नव्हता. घरात वाद घालायला दुसरे विषय होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस सुईचा दांडा बसवायची वेळ आली. त्याच्या पोटातून केसासारख्या चार तारा ओवायच्या होत्या. एगोननं डोळे मिटून घेतले. ते त्याला बघवणार नव्हतं. रोसवितानं भिंग लावलं आणि पहिल्या खेपेला चारही तारा ओवून बाहेर काढल्या.

"झालं," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाला.

त्याच दुपारी तिनं विषय काढला. रेकॉर्डची बाजू संपली की दांडा आपोआप वर उचलला गेला पाहिजे, म्हणाली. कारखान्याच्या प्लेअरमध्ये असायचं तसं.

"नाही," एगोन म्हणाला.

"का नाही?"

"तो... अडकतो. सुईला. कानाला कळतं."

"कोणाच्या कानाला?"

"माझ्या."

रोसवितानं हातातला चिमटा खाली ठेवला. "मग एक सांग. बाजू असते वीस मिनिटांची. संपली की सुई शेवटच्या खाचेत खरडत राहणार. तेव्हा उठायचं कोणी?"

एगोनच्या ओठांचा डावा कोपरा हलला, उजवा तसाच राहिला.

"मी उठेन," तो म्हणाला.

खुर्चीतून उभं राहायला त्याला चार मिनिटं लागायची, तीही तिनं काखेत हात घातला तर. ती उठली आणि मशीनमधले कपडे काढायला गेली. ओल्या चादरींचा पिळा हातात घेऊन न्हाणीघरात नुसती उभी राहिली. राग आला होता असं नाही. रागाला लागतं तेवढं बळही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आल्यावर ती तासाभरासाठी बाहेर पडली, बेर्बेलकडे गेली. बेर्बेल आणि ती चौदा वर्षं कारखान्यात एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेल्या. प्लेअरचा तो उचलणारा भागच त्यांच्याकडे जुळणीला असायचा. रेकॉर्डच्या शेवटी सुईचा दांडा आत सरकतो, एका बारीक पट्टीला लागतो. पट्टीची अडकण एका बारीक पिनेवरून सुटते आणि मधासारख्या दाट तेलातून एक छोटा खांब सावकाश वर येऊन दांड्याला उचलतो. एवढंच. पण ती अडकण इतकी हलकी सुटायला हवी, की सुईला पत्ताही लागू नये. त्या दोघी ती सिगारेटच्या कागदाची पट्टी लावून पारखायच्या.

बेर्बेलच्या माळ्यावर कारखान्याचा एक जुना प्लेअर होता. दोघींनी तो उतरवून उलटा केला.

"साहेबांना माहीत आहे का?" बेर्बेलनं स्क्रू काढता काढता विचारलं.

"त्याला नकोय."

"मग सांगू नकोस. लाव गुपचूप. पुरुषांना काय कळतंय."

"त्याला कळेल. आणि लपवायलाही कष्ट पडतात गं. मला झेपायचं नाही."

बेर्बेलनं तिच्याकडे नीट बघितलं. "रोसी, आरशात बघतेस का कधी?"

"वेळ कुठाय?"

"नको बघूस," बेर्बेल म्हणाली आणि तो भाग वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. वर लिव्हर सॉसेजचा एक डबाही दिला.

रोसवितानं तो भाग एगोनच्या समोरच टेबलावर ठेवला, कागद सोडला आणि दिवा जवळ ओढला. एगोननं बघितलं आणि तोंड फिरवलं. खुर्ची फिरवता येत नव्हती म्हणून मान फिरवली. दोन दिवस तो बोलला नाही. आता तो एरवीही फारसं बोलत नसे, त्यामुळे हा रुसवा आहे की नेहमीचं आहे, हे पहिला दिवस जाईपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा तिला थोडं बरं वाटलं. दोन दिवस कोणी हळू म्हणालं नव्हतं.

भाग बसला, पण चालेना. सुई शेवटाला यायची, पट्टीला लागायची आणि तिथून मागे उडायची. अडकण जड होती. रोसवितानं तो सुटा केला, पुसला, नवं तेल भरलं, पुन्हा बसवला. सुई पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा तेच. पूर्वी असले दिवसाला दोनशे तिच्या हाताखालून जायचे आणि ती सोबत गप्पाही मारायची. आता नवऱ्याला उचलून उचलून मनगटं कापत होती. चौथ्या खेपेला स्प्रिंग चिमटीतून निसटली आणि गालिच्यात कुठेतरी गेली. ती गुडघ्यावर बसून शोधू लागली. सापडली. पण मग तिला उठवेना. टेबलाच्या पायाला पाठ लावून ती तशीच खाली बसून राहिली.

"पिन," एगोन वरून म्हणाला.

तिनं मान वर केली.

"पिन झिजलीय. स्प्रिंग... ठीक आहे. तुझं ठीक आहे. पिन खराब."

"तुला काय माहीत?"

"मीच करायचो." तो थांबला, पुढचे शब्द गोळा करत होता. "खाली. पाच वर्षं. तीच पिन."

रोसविताला हे ठाऊक नव्हतं. खालून वर खोक्यांतून पिनी यायच्या, खोक्यावर नंबर असायचा, नाव नसायचं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट कधी बोलण्यात आली नव्हती.

"वाईट पिनी आल्या की आम्ही वरून शिव्या द्यायचो तुम्हाला," ती म्हणाली.

"माहीत आहे. यायच्या ऐकू."

पिन त्यानं स्वतः घोटायला घेतली. तिनं ती छोट्या शिकंज्यात आवळून त्याच्या पुढ्यात टेबलाला लावली, आणि नमद्याच्या पट्टीला घोटायचं मलम लावून पट्टी त्याच्या डाव्या हातात दिली. डावा हात आयुष्यभर नुसता धरायला शिकलेला, घासायला नाही. पट्टी घसरायची, पडायची. पडली की रोसवितानं उठून ती उचलून द्यायची. चार दिवस हे चाललं. एकदा ती म्हणाली, "दे, मी दहा मिनिटांत करते." तो "नाही" म्हणाला आणि ती परत बटाटे सोलायला गेली. इथे त्याला अडवून चालणार नाही, हे तिला कळत होतं. पण पट्टी उचलायला वाकताना पाठीतून कळ यायची, तेव्हा हे कळणं काही कामाचं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं पिन बसवली. सुई शेवटाला आली, पट्टीला लागली. काहीच झालं नाही असं वाटलं, आणि दांडा सावकाश वर उचलला गेला.

"ऐकू आलं?" तिनं विचारलं.

एगोननं मान हलवली. आलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी प्लेअर पहिल्यांदा धड ऐकला. बाहेर बर्फ आणि पावसाच्या मधलं काहीतरी पडत होतं. रोसवितानं पियानोची एक जुनी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, एगोनच्या अंगावर शाल टाकली आणि सोफ्यावर बसली. आवाज चांगला होता. फार चांगला होता म्हणे. एगोनच्या चेहऱ्यावरून तसं दिसत होतं. तिला स्वतःला त्यातले पहिले चार सूर आठवतात. पुढचं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत काळोख पडायला लागला होता. साडेचार वाजून गेलेले. थाळी अजून आपली फिरत होती, दांडा तिच्यावर उचललेला. एगोन शाल नीट पांघरून, ताठ बसला होता. वास आला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिनं दिवा लावला. त्याची पँट भिजली होती, खुर्चीची गादीही.

"अरे, हाक मारायची ना," ती म्हणाली.

"झोपली होतीस."

"म्हणून काय झालं? उठले असते."

"हो," तो म्हणाला. "उठली असतीस."

मग तिनं त्याला उठवलं, न्हाणीघरात नेलं, कपडे काढले, कोमट पाण्यानं पाय पुसले. झटका आल्यापासून असं कधी झालं नव्हतं, आणि झालं तर तो कसा वागेल याची तिला धास्ती वाटायची. तो भिंतीवरची दांडी डाव्या हातानं धरून उभा राहिला आणि तिनं स्वच्छ विजार वर ओढेपर्यंत तिच्या डोक्याकडे बघत राहिला. तिथले केस कितीतरी आठवड्यांत कापले नव्हते.

"सिल्केला फोन कर," तो म्हणाला. सिल्के म्हणजे त्यांची मुलगी, श्टुटगार्टला असते.

"आत्ता? कशाला?"

"बाई बघायला सांग. मला... सांभाळायला. दोन दुपार. आठवड्याला."

रोसविता टाचांवर बसली. "परकी बाई? हे सगळं करायला? तुला चालेल?"

त्यानं विचार केला. शब्द शोधत नव्हता, खरंच विचार करत होता.

"नाही," तो म्हणाला. "तरी बोलव."

जानेवारीत बाई मिळाली. फुर्टवांगेनहून यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. आली की बोलायला लागायची ती जाईपर्यंत. कॉफी पातळ करायची आणि रेकॉर्ड ओल्या फडक्यानं पुसायची; एगोनला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. रोसविता त्या दोन्ही दुपारी बेर्बेलकडे जायची. बेर्बेल बाहेरच्या खोलीत शब्दकोडी सोडवत बसायची आणि रोसविता आतल्या पलंगावर बूट काढून तीन तास झोपायची.