अस्वलांचा सामना

आमच्या गावाला बर्फावरच्या हॉकीचा संघ हवा होता असं मुळीच नाही. गावाला हवी होती कागदाची गिरणी, आणि ती तर बंद पडली. मग एकाच दिवशी घरी बसलेले दोघे, म्हणजे माझा नवरा रोझेर आणि त्याचा जिगरी दोस्त ओरेस्ट, माजी सैनिकांच्या क्लबात बिअर पीत बसले आणि तिथंच त्यांनी ठरवून टाकलं की ब्लॅकस्प्रूसचा स्वतःचा संघ काढायचा. हौशी नाही, पगारी. सगळ्यात खालची लीग का असेना, पण पगारी. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. या दोघांनी त्या अख्ख्या गावाला लावल्या.

"अरे, पण खेळणार कोण?" मी विचारलं.

"मी आहे ना," रोझेर म्हणाला.

"पस्तिशी उलटल्यावर? त्या गुडघ्यावर?"

"अगं आयली, एकच तर गेलाय. दुसरा ठणठणीत आहे."

रोझेरबद्दल सांगायचं तर तो आडदांड माणूस. जवानीत कितीतरी गावांच्या संघांतून खेळला, पण प्रत्येक ठिकाणी त्याला मारामारीसाठीच ठेवलेला. समोरच्यानं आपल्या पोराला धक्का मारला की रोझेरनं हातमोजे फेकायचे, चार ठोसे द्यायचे, चार घ्यायचे आणि शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं. गोल करायला त्याला कुणी पाठवलंच नाही. इतक्या वर्षांत पगारी हॉकीत त्याच्या नावावर एक गोल नाही. पहिला गोल झाला की ती काळी रबरी चकती जाळीतून काढून घ्यायची, तिच्याभोवती पांढरी पट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर तारीख लिहून घरी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. कालची पोरं असल्या चकत्या आईच्या घरी ठेवून आली होती. आमच्या कपाटावर घड्याळ आणि लग्नाचा फोटो यांच्यामध्ये वीतभर जागा होती. लग्न झालं तेव्हापासून ती रिकामी. तिथं मी काही ठेवायला गेले की रोझेर न बोलता उचलून दुसरीकडे ठेवायचा.

म्हणजे संघ कशासाठी काढला, हे गावाला कळलं नसेल, पण मला कळलं होतं.

पहिल्या वर्षाबद्दल न बोललेलं बरं. ओरेस्ट प्रशिक्षकही तोच, धोबीही तोच. त्यानं पांढरे सदरे लाल मोज्यांबरोबर धुतले आणि आमचे लाकूडतोडे, म्हणजे संघाचं नावच ते, अख्खा हंगाम गुलाबी रंगात खेळले. बसचा हीटर चालला तर खिडकी बंद होत नसे, खिडकी बंद झाली तर हीटर चालत नसे. आणि स्टेडियमचं छप्पर! एका जाळीच्या डाव्या अंगाला वरून थेंब थेंब पाणी गळायचं आणि तिथं बर्फाचं टेंगूळ उठायचं. ते रोझेर रोज सकाळी कुऱ्हाडीनं तासायचा. छप्पर दुरुस्त करा म्हणून मी नगरपालिकेत जाऊन जाऊन थकले. तिथला तो साहेब म्हणाला, "बाई, गळणारं पाणी गोठतंय ना? मग मैदानाला फायदाच आहे." आता यावर काय बोलणार, कपाळ?

आम्ही हरत होतो. घरी हरत होतो, दारी हरत होतो. एकदा तर समोरचा संघ हिमवादळात अडकून उशिरा आला, बसमधून उतरल्या उतरल्या मैदानात आला, आणि त्यांच्याकडूनही हरलो.

या सगळ्यावर कळस म्हणजे अस्वलांचा सामना. नाताळच्या आधी एका सामन्याला सगळ्यांनी कापसाचं एकेक अस्वल घेऊन यायचं. आपल्या संघानं पहिला गोल केला की सगळ्यांनी एकदम ती अस्वलं मैदानात फेकायची. मग ती गोळा करून आजारी मुलांच्या इस्पितळात पाठवायची. गावोगावी होतं हे. कुठल्याही गावात निदान एक गोल तरी होतोच.

आमच्याकडे झाला नाही. पहिल्या वर्षी सामना संपला तेव्हा अख्खं गाव मांडीवर अस्वलं घेऊन मुकाट बसलं होतं. मी म्हटलं, "झालं ते झालं, आता तरी टाका. पोरं वाट बघतायत तिकडे." तर माझ्या मागच्या बाकावरच्या बॉयको आजी ताडकन म्हणाल्या, "लग्न मोडल्यावर वऱ्हाडाला जेवायला वाढतात का गं? गोल नाही तर अस्वल नाही." आणि गाव त्यांचं ऐकतं. सगळे आपापली अस्वलं काखेत मारून उणे तीसच्या थंडीत घरी गेले. इस्पितळासाठी मीच दुकानातून दोन पेट्या घेतल्या आणि पाठवल्या.

दुसऱ्या वर्षी तीच अस्वलं पुन्हा आली. एकाचा कान कुत्र्यानं खाल्ला होता. गोल याही वर्षी नाही. अस्वलं पुन्हा घरी. आता शेजारच्या गावातले लोक पेट्रोल पंपावर आम्हाला विचारायचे, "काय, अस्वलं मोठी झाली का?"

माझं अस्वल तपकिरी होतं. दोन्ही वर्षं मी ते घेऊन जाळीच्या मागच्या काचेला लागून बसले, माझी नेहमीची जागा. रोझेरला मी बजावलं होतं, "हे बघ, हे मी दुसऱ्या कुणाच्या गोलाला टाकणार नाही. तू केलास तरच."

"मग ते पिशवीतच म्हातारं होणार," तो हसून म्हणाला होता.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरनं सांगून टाकलं, या हंगामानंतर स्केट्स खुंटीला टांगायच्या, नाहीतर काठी घेऊन चालायचं. रोझेर ते ऐकून तडक ओरेस्टला जाऊन भेटला, आणि अस्वलांच्या सामन्यात ओरेस्टनं त्याला पहिल्यांदाच पुढे खेळायला लावलं, गोलाच्या तोंडाशी. त्या दिवशी रोझेर सकाळपासून अस्वलं भरायची पोती आणायला धावत होता, आणि त्या गडबडीत टेंगूळ तासायचं राहिलं.

शेवटच्या सत्रापर्यंत दोन्हीकडे शून्य. समोर सिल्व्हर नॅरोजचा संघ, त्यांचा गोलरक्षक भिंतीसारखा उभा. आणि मग आमच्या एका पोरानं लांबून चकती मारली, ती बर्फावरून सरपटत आली, टेंगळावर आपटली आणि उसळली. थेट रोझेरच्या अंगावर. रोझेरनं हात फिरवला. चकती जाळीत.

असा आवाज मी आमच्या गावात कधी ऐकला नव्हता. तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. वरून, बाजूनं, चहूकडून अस्वलं. लहान, मोठी, कान नसलेली. बॉयको आजींनी तर माझ्या डोक्यावरून भिरकावलं. सगळा बर्फ अस्वलांनी झाकून गेला आणि पोरं रोझेरवर तुटून पडली.

मी काचेला लागूनच होते. मला स्वच्छ दिसलं होतं. चकती काठीला लागलीच नव्हती. त्यानं ती हातमोज्यानं आत ढकलली होती, आणि हातानं ढकललेला गोल धरत नाहीत. मी मनात म्हटलं, गप्प बस रोझेर. कुणी पाहिलं नाही. देवाशपथ, गप्प बस.

त्यांचा गोलरक्षक ओरडत होता, "हात! हात लागला!" पण त्याचं कोण ऐकणार? रेफरी शहरातून आलेला, तरणा पोरगा. तो अस्वलांतून वाट काढत रोझेरपाशी गेला. मला ऐकू येईल इतक्या जवळ.

"काठीनं होता ना?" त्यानं विचारलं.

रोझेरनं मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. हातानं."

रेफरीनं दोन्ही हात आडवे केले. गोल नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर! त्यांचा प्रशिक्षक धावत आला, नियम बोट दाखवून सांगू लागला. अस्वलं टाकायची परवानगी गोल झाल्यावरची. गोलच नाही म्हणजे हा मैदानात फेकलेला कचरा, खेळ अडवल्याची शिक्षा द्या. रेफरीनं दिली. मागून बॉयको आजी ओरडत होत्या, "मग माझं अस्वल परत द्या!" आणि त्यांचं बघून अर्धं गाव आपली अस्वलं मागायला लागलं. ती सगळी उचलून पोत्यांत भरेपर्यंत आमच्याच माणसानं आमच्याच गावाच्या शिव्या खाल्ल्या. मग आमचा एक खेळाडू शिक्षेच्या बाकावर, त्यांच्यात एक जास्त, आणि त्यांनी गोल केला. तेवढ्या एका गोलानं आम्ही हरलो.

"तुला कुणी विचारलं होतं रे?" सामना संपल्यावर ओरेस्टनं त्याला दारातच गाठलं.

"रेफरीनं."

"अरे, जन्मभर रेफरी विचारतायत तुला! कुणाचा दात पाडून 'मी नव्हतोच तिथं' म्हणणारा माणूस तू! आजच बरा धर्मराज झालास!"

रोझेरनं स्केट्स खांद्यावर टाकल्या आणि तो गाडीकडे चालू लागला. मी त्याच्याशी बोललेच नाही. गाडीत नाही, घरी नाही. दुकानात लोक त्याच्याकडे पाठ फिरवू लागले तरी मी बोलले नाही, कारण मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त राग आला होता. तो गोल त्याचा होता. छप्पर गळकं, नगरपालिका नालायक, गुडघा गेलेला. एवढ्या सगळ्यातून एकदाच दैवानं हातावर काही ठेवलं, आणि या बाबानं ते परत केलं.

नंतरच्या एका सामन्यात गुडघ्यानं उरलीसुरली साथही सोडली. तो पुन्हा मैदानात उतरला नाही. एका सकाळी तो खुर्चीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसला होता, मी वेलदोड्याचा पाव कापत होते, आणि माझ्याच्यानं राहवेना. मी सुरी खाली ठेवली.

"का सांगितलंस? कुणी पाहिलं नव्हतं रोझेर. अख्ख्या मैदानात कुणी पाहिलं नव्हतं!"

"तू पाहिलं होतंस."

"मी? मी काय सांगायला जाणार होते?"

"सगळ्यांनी टाकलं," तो म्हणाला. "मी वर पाहिलं तर एकाच्याही हातात अस्वल उरलं नव्हतं. खाली पाहिलं तर तुझं मांडीवर."

मी दाराकडे पाहिलं. पिशवी खुंटीला तशीच होती, तिच्यातून तपकिरी कान बाहेर आलेला. मला आठवेना मी ठरवून धरून ठेवलं होतं की हातच उचलला नव्हता.

"तू टाकलं असतंस," रोझेर म्हणाला, "तर मी काठीनंच म्हणालो असतो."

मी त्याच्यापुढे पाव ठेवला, लोणी ठेवलं, त्याच्या गुडघ्यावरची सरकलेली पिशवी नीट केली. मग फडकं घेऊन कपाट पुसलं. घड्याळ पुसलं, फोटो पुसला, आणि मधली ती वीतभर जागाही पुसली. तिथं आजही मी काही ठेवत नाही.