एलम टीटरची बोटे

मित्रांनो, मी ओतीव लोखंडाचा एक जुना कपलर आहे. मालगाडीच्या दोन वाघिणी एकमेकींना जोडण्याचे काम माझे. पेटीसारखे तोंड, त्यात शिरणारी लांबट कडी आणि वरून टाकायचा जाड खिळा, एवढाच माझा संसार. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका ओतशाळेत मी जन्मलो आणि लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या वाघिणीला लागलो. उतार असा की कडी सुटली तर गाडी थेट दरीत. मी ती कधी सुटू दिली नाही. गाडीवरची माणसे जाता-येता मला थोपटत.

कडी हाताने धरून माझ्या तोंडात घालायची आणि समोरची वाघीण आदळण्याआधी हात काढून घ्यायचा, हे एलम टीटरचे काम. एका दंवाच्या सकाळी त्याचा ओला हातमोजा कडीला चिकटला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे माझ्या तोंडात गेली, ती परत आली नाहीत.

पुढे जंगल संपले. रूळ उखडले गेले, वाघिणी कुजल्या. भंगारवाले मला नेणार, तेवढ्यात एलमने मला मागून घेतले आणि घरी नेले. थंडी पडली की त्याची नसलेली बोटे ठणकत. डॉक्टर म्हणत, हा मनाचा खेळ आहे. एलम मात्र मला पोत्यात गुंडाळून शेगडीपाशी ओढून नेई. मी उबदार झालो की तो डोळे मिटून म्हणे, "आता बरं वाटतंय." आणि मला माझ्या पोकळीत काहीतरी हळूच उलगडल्यासारखे वाटे.

एलम वारला. त्याची मुलगी ऑर्फा मला दर हिवाळ्यात गुंडाळत राहिली. शेजारी हसले की ती म्हणे, "बाबा गेले. बोटं गेली असं कुणी सांगितलं?"

ती म्हातारी झाल्यावर एका हिवाळ्यात लॉर्ना आणि रॉइस आमच्या दारी आले. त्यांच्या रेल्वे संग्रहालयाला माझ्या काळातली एक वाघीण सापडली होती, पण तिचे कपलर गायब होते. तसे कपलर शोधत त्यांनी ओढे पालथे घातले होते, भंगाराचे ढीग उपसले होते. जुने फोटो होते, पण फोटोत तोंडाच्या आतला घाट दिसत नाही. ओतकाम जाणणारी लॉर्ना ओसरीवर गुडघे टेकून बसली आणि तिने माझ्या तोंडात हात घातला.

तिने तो झटकन बाहेर काढला.

"ऑर्फामावशी, हा आत्ता शेगडीपाशी होता का?"

"नाही गं. पोतं धुवायला काढलंय. कालपासून इथंच गारठ्यात पडलाय."

"आतून कोमट लागतोय."

"लागणारच. ने त्याला, माप घे, साचा कर. पण उघडा ठेवू नकोस. आणि त्या नव्यांच्या तोंडात कुणाला हात घालू देऊ नकोस."

रॉइस हसला. "मावशी, लोखंडाला थंडी वाजते होय?"

"तुला वाजते ना? मग टोपी घाल आणि गप्प बस."

लॉर्नाने माझ्यावरून लाकडी नमुना घडवला, वाळूत त्याचा ठसा घेतला आणि त्यात वितळलेले लोखंड ओतले. माझी हुबेहूब भावंडे बाहेर आली. बाहेरून ती गार झाली. आतून मात्र कोमटच राहिली. लॉर्नाने हे कुणाला सांगितले नाही, फक्त कडी उचलायला लांब काठ्या करून घेतल्या.

"काठीनंच कडी घालायची, तर जुनी पद्धत कसली दाखवतोय आपण?" रॉइस कुरकुरला. "लोक हसतील."

"हसू देत. हात घालायचा नाही."

चाचणीच्या दिवशी ताडून पाहायला मला रुळाशेजारी ठेवले होते. ऑर्फाही आली होती. नवे कपलर लावलेली वाघीण धुक्यातून दुसऱ्या, उभ्या वाघिणीकडे सरकत आली. कडी खाली झुकली, काठी निसटली, आणि रॉइसने सरळ हात घातला. लॉर्ना ओरडली, पण आता वाघीण थांबण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात रॉइस मागे फेकला जाऊन खडीवर आपटला. त्याच क्षणी दोन्ही तोंडे एकमेकांवर आदळली.

तो उजवा हात छातीशी धरून उठून बसला.

"मला कुणी ढकललं?"

"तुझ्याजवळ कुणीच नव्हतं," लॉर्ना म्हणाली.

"बाजूनं नाही. आतून." त्याने तळहात पुढे केला. थंडीने पांढऱ्या पडलेल्या तळव्यावर बोटांचे चार लाल ठसे उमटले होते.

ऑर्फाने वाकून ते पाहिले. "बाबांचीच," ती म्हणाली. "करंगळी वाकडी होती त्यांची."

संग्रहालयाला मला काचेच्या पेटीत ठेवायचे होते. ऑर्फा नको म्हणाली, आणि रॉइस तिच्या बाजूने भांडला. बर्फ वितळल्यावर एलमच्या थडग्याशेजारी त्याने स्वतः खड्डा खणला, दुसऱ्या कुणाला फावडे धरू दिले नाही. मला खाली सोडताना ऑर्फा एवढेच म्हणाली, "घ्या बाबा, तुमचं तुमच्याकडे."

तेव्हापासून मी मातीखाली आहे. माझे तोंड आता खरोखरच रिकामे आहे आणि माझी नवी भावंडेही आतून गार पडली आहेत, ते मला कळते. मित्रांनो, जुन्या वस्तू शोधा, जपा, त्यांच्यासारख्या नव्या घडवा. पण नुसता आकार उचलून नेऊ नका. त्या वस्तूने कुणाचे काय नेले, हे आधी त्या घरी जाऊन विचारा. आणि काठी सोडू नका. त्या नव्या तोंडांत आता तुमचा हात मागे ढकलणारे कुणी उरलेले नाही.