टेबलावरची बाटली

आई शेवटची आमच्याकडे आली त्या दुपारी मी पाण्याची बाटली आणि पेला आधीच टेबलावर आणून ठेवला होता.

आई नर्स होती. घरोघरी जाऊन लहान मुलं तपासायची. मान धरतंय का, हाकेला वळतंय का. लोक तिला वजनवाल्या बाई म्हणत. पण वजनकाट्यापेक्षा तिची भिस्त पाण्यावर. कुठल्याही घरात टेकली की म्हणायची, "जरा पाणी देता का?" बाळाची आई आत गेली की ही बाळाकडे बघत बसायची. त्याची नजर दाराकडे जाते का, ते कुरकुरतं का, आई परत आल्यावर त्याचा चेहरा खुलतो का. "तहान लागली म्हणून कुणाच्या घरी पाणी मागितल्याचं आठवत नाही मला," असं ती हसत सांगायची. ही युक्ती मला ठाऊक होती आणि तिच्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरना.

खुर्चीत बसून तिने पोटऱ्या चोळल्या. माझी मुलगी, बबडी, फरशीवर डब्याचं झाकण फिरवत होती. तिला वर्ष होऊन गेलं होतं. आजी आली, तरी तिने मान वर केली नाही.

"जरा पाणी दे गं."

मी बाटली पुढे सरकवली.

आईने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वा! घरच्यांनीच पेपर फोडला म्हणायचा."

"ड्युटी संपली ना तुझी?"

"ती संपली. आता आजीची पाळी."

"मग नात बघ. केस बघू नकोस."

ती हसली. पेलाभर पाणी प्यायली, वर आणखी अर्धा. "डोळे किती ओढलेत तुझे. झोप होते का?"

"होते की."

"बरं." दारात चपला घालताना म्हणाली, "पुढच्या खेपेला आतलं पाणी दे हं. हे कोमट झालंय."

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घराचा जिना चढताना ती मध्येच खाली बसली, ती उठलीच नाही.

मग माणसं येत राहिली आणि मी कपबश्या विसळत राहिले. सगळे म्हणायचे, बबडी किती गुणाची, कुणाकडेही जाते, अजिबात रडत नाही. मी मान हलवायचे. तिला वेळेवर भरवायचे, न्हाऊ घालायचे, पण तिच्याशी बोलायला तोंड उघडायचं नाही. तिच्या जन्मापासून हे असंच होतं. आई गेल्यावर त्याला सांगण्याजोगं कारण मिळालं, एवढंच.

मग एका सकाळी धाकट्या सिस्टर बबडीला तपासायला आल्या. खांद्याला आईचीच पिशवी, तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारलेली. टेबलावर बाटली होती. त्यांनी ती पाहिली आणि पाणी मागितलं नाही.

"तुमच्यासमोर मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय, ताई."

"मलाही."

दोघी जेमतेम हसलो. त्यांनी बबडीचं वजन केलं. लाल लोकरीचा गुंडा तिच्यासमोरून घरंगळत नेला. बबडी झाकण फिरवत राहिली. सिस्टरनी गुंडा पुन्हा एकदा सोडला, मग उचलून पिशवीत टाकला.

"वजन चांगलं आहे. तुम्ही आधीच दुःखात आहात... पुन्हा येईन मी सवडीने."

त्या उठल्या. गप्प बसले असते तर गेल्या असत्या.

"पाणी घेता?" मी विचारलं.

"आहे की इथे."

"ते कोमट झालंय. आतलं आणते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग परत बसल्या.

आत जाऊन मी नळ सोडला आणि लगेच बंद केला, बाहेरचं ऐकू यावं म्हणून. झाकण फरशीवर त्याच लयीत वाजत होतं. रड, मी मनात म्हणत होते, एकदा तरी रड. पुन्हा नळ सोडला. पेला भरून वाहिला, हात ओला झाला. झाकण वाजतच होतं.

बाहेर आले. बबडीने वर पाहिलं नाही. सिस्टरनी पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"ताई, मला वाटतं..."

"थांबा. मला सांगू द्या." मी फरशीवर बबडीशेजारी बसले. "मी आत गेले तरी ही रडत नाही. परत आले तरी बघत नाही. मला हे कधीचं दिसतंय. आणि ती बघत नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटतं. माझ्यामुळे ती अशी झाली की मुळातच काही आहे, मला कळत नाही. आईला सांगायचं होतं. आता तुम्ही बघा. केस म्हणूनच बघा. आम्हा दोघींना."